जागा कोणाची, बाग कोणाची

दक्षिण मुंबईतली मैदानं तोफांमुळे उरली. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याबाहेर शत्रूला आडोसा मिळू नये आणि तटावरून मारा करायला वाव राहावा, म्हणून तटापुढची घरं आणि नारळीच्या वाड्या हटवून एक पट्टा रिकामा ठेवलेला असे. १८०३ साली फोर्टात मोठी आग लागली. त्यानंतर हा पट्टा आणखी रुंद करण्यात आला. एस्प्लनेड म्हणतात तो हाच. पुढे १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडले गेले. तोफांचं काम संपलं आणि एवढी प्रचंड मोकळी जमीन सरकारच्या हाती आयती राहिली. तिच्या एका कडेनं हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय अशा इमारती उभ्या राहिल्या. बाकीच्या जमिनीचे रस्त्यांनी तुकडे पाडले. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं म्हणजे तेच तुकडे.

आझाद मैदानावर रविवारी सकाळी गेलं की या तुकड्यांचा उपयोग किती कसून होतो ते दिसतं. तिथं बावीस खेळपट्ट्या आहेत आणि सामने शेजारी शेजारी चालतात. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या मिड-ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. चेंडू आला की आधी तो आपला की शेजारच्यांचा हे पाहायचं आणि मग अडवायचा. इतक्या दाटीतही मैदान मैदानच राहिलं आहे. दीडशे वर्षांत मुंबईतल्या जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला, तरी त्यावर टॉवर उभा राहिला नाही. लोकांचा विरोध, न्यायालयं, रहिवाशांच्या संस्था यांचा त्यात वाटा आहेच. ओव्हलची दुर्दशा झाली तेव्हा आसपासच्या रहिवाशांनीच पुढाकार घेऊन ते पुन्हा उभं केलं. पण या सगळ्याच्या आधीची एक साधी गोष्ट विसरता येत नाही. ही जमीन कोणाकडून विकत घ्यायची नव्हती. मैदान राखायला कोणाला एक पैसाही मोबदला द्यावा लागणार नव्हता.

शहरातल्या बागांविषयी बोलताना आपण झाडं, हवा, मुलांचं खेळणं, म्हाताऱ्यांचं फिरणं यांविषयी बोलतो. बाग हवी याबद्दल दुमत कोणाचंच नसतं, बिल्डरचंही नाही. बागेसमोरचा फ्लॅट महाग जातो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. वाद असतो तो बागेखालची जमीन कोणाची आणि तिचे पैसे कोण, कधी देणार याचा. मुंबईचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगानं वाचला, तर कुठली मोकळी जागा टिकली आणि कुठली गिळली गेली याचा बराचसा उलगडा होतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्यांत तो झपाट्यानं पसरला आणि दोनच वर्षांनी, १८९८ साली, सरकारनं बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन केली. गलिच्छ चाळी पाडणं हे तिचं एक काम. शहराच्या उत्तरेला नव्या वस्त्यांसाठी जमीन तयार करणं हे दुसरं. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा भाग तेव्हा शेतं, वाड्या आणि पाणथळ जागांचा होता. ट्रस्टनं जमीन आधी ताब्यात घेतली, मग रस्ते, बागा आणि भूखंड आखले आणि शेवटी भूखंड भाड्यानं दिले. माटुंग्याचे पाच बगीचे असे जन्माला आले. त्यांच्यासाठी कोणाचं घर पाडावं लागलं नाही, कारण घरं बागेनंतर आली. थोड्या पश्चिमेला महापालिकेनं १९२५ साली सुमारे २८ एकरांचं माहीम पार्क लोकांसाठी खुलं केलं. दोन वर्षांनी त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. भोवतीच्या इमारती त्याच्याकडे तोंड करून नंतर उभ्या राहिल्या. आज त्या इमारतींत राहणाऱ्यांना पार्काचा जेवढा अभिमान आहे तेवढाच आपल्या फ्लॅटच्या भावाचाही असतो, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे.

याच काळात आणखी एक युक्ती रुजली. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानं नगररचना योजना आणली. मुंबईत तिला आजही टीपीएस म्हणतात. पार्ल्यात, सांताक्रूझला, वांद्र्याला जुन्या कागदपत्रांत 'टीपीएस' आणि 'अंतिम भूखंड क्रमांक' दिसतो तो त्याच योजनेचा. कल्पना अशी की एका टापूतल्या सगळ्या मालकांची वेडीवाकडी शेतं कागदावर एकत्र करायची. त्यातून रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची. उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून ज्याच्या त्याच्या हिश्श्यानं परत द्यायचे. जमीन थोडी कमी झाली, पण आता तिला रस्ता, गटार आणि बाग आहे. त्यामुळे तिची किंमत वाढते आणि मालक कुरकुर करत का होईना, गप्प बसतो. मुख्य म्हणजे तोटा सगळ्यांमध्ये वाटला जातो. ज्याच्या शेतावर नेमकी बाग आली तो एकटाच बुडत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण ही वाट जवळजवळ सोडूनच दिली. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. मुंबईचा पहिला विकास आराखडा १९६७ साली मंजूर झाला, दुसरा १९९१ ते १९९४ दरम्यान तुकड्यातुकड्यानं आणि तिसरा २०१८ साली. आराखड्याची पद्धत टीपीएसच्या अगदी उलट. नियोजनकार शहराचा नकाशा समोर घेतो, लोकसंख्येचा हिशेब मांडतो आणि अमुक भूखंड उद्यानासाठी, तमुक शाळेसाठी, पलीकडचा रुग्णालयासाठी असे रंग भरत जातो. यालाच आरक्षण म्हणतात. लोकांच्या बोलण्यात ते पाऊस पडावा तसं 'पडतं': आमच्या जमिनीवर आरक्षण पडलं. ज्याच्या जमिनीवर ते पडलं त्याला ती बांधायला वापरता येत नाही. तिला ग्राहक मिळत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. शेजारच्याच्या भूखंडावर मात्र आरक्षण नसतं. तो इमारत बांधतो, आणि समोर बाग येणार म्हणून चार पैसे जास्तच घेतो.

महापालिकेनं पैसे द्यायचे, पण कुठून? आराखड्यात शेकडो भूखंड असतात आणि मुंबईत जमीन वर्षागणिक महागत जाते. आज नाही तर उद्या घेऊ म्हटलं तर उद्याचा भाव आणखी वरचा. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यानंतर तर शहरातल्या जमिनीला बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. त्यामुळे बहुतेक आरक्षणं नकाशावरच राहतात. पहिल्या आराखड्याची अंमलबजावणी वीस टक्क्यांच्याही आत राहिली. मधल्या काळात रिकाम्या भूखंडावर झोपड्या येतात, गॅरेज येतं, भंगारवाला येतो. बाग येत नाही.

कायदा मालकालाही एक दार उघडं ठेवतो. आराखडा लागू होऊन दहा वर्षं उलटली आणि जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो: घ्या, नाही तर सोडा. मूळ कायद्यात महापालिकेला त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती, ती वाढत वाढत आता २४ महिन्यांवर आली आहे. मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडतं. 'हालचाल' म्हणजे नेमकं काय यावर मोठी खडाजंगी झाली. महापालिका म्हणत, आम्ही ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, झाली की हालचाल. सर्वोच्च न्यायालयानं गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ साली सांगितलं की नुसता प्रस्ताव पाठवून भागत नाही, संपादनाचं खरं पाऊल टाकलेलं असलं पाहिजे. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर हा निकाल न्याय्यच होता. दहा-वीस वर्षं एखाद्याची जमीन गोठवून ठेवायची आणि दमडीही द्यायची नाही, याला नियोजन म्हणणं कठीण. पण त्या निकालानंतर महापालिकांच्या वकिलांची झोप उडाली हेही खरं.

मुंबईच्या नव्या आराखड्याचा एखादा नकाशा पाहिला तर ही सगळी कथा दोन अक्षरसमूहांत वाचता येते. हिरवा रंग दोन्हीकडे आहे. एका हिरव्या तुकड्यावर 'ई.ओ.एस.' लिहिलेलं असतं, म्हणजे जागा आज मोकळी आहे. दुसऱ्यावर 'आर.ओ.एस.', म्हणजे ती मोकळी करायची आहे, आरक्षित आहे. दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यावर प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर तिथं मोटार दुरुस्तीचं दुकान, पत्र्याची घरं किंवा एखादी जुनी चाळ भेटते. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरली जाते. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत हा आकडा दहा ते बारा चौरस मीटर आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक माणूस हात न पसरता बसेल एवढी जागा. त्यातही क्लब आणि जिमखाने आहेत, जिथं सभासद नसलेल्याला दारावरूनच परत यावं लागतं.

पैसे नाहीत, मग पैशांऐवजी काय द्यायचं? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत याचं उत्तर आलं: हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर. कल्पना न्यूयॉर्कची. तिथं जुन्या इमारती वाचवण्यासाठी त्यांचे न वापरलेले बांधकाम हक्क शेजारच्या भूखंडावर नेण्याची मुभा दिली गेली आणि ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती व्यवस्था उचलून धरली. मुंबईत ती मोकळ्या जागांसाठी वापरली गेली. आरक्षित जमीन महापालिकेला फुकट द्या, तिच्यावर जेवढं बांधता आलं असतं तेवढ्या बांधकामाचं प्रमाणपत्र घ्या आणि ते बाजारात विका. घेणारा बिल्डर ते आपल्या भूखंडावर नेऊन दोन मजले जास्त चढवतो. महापालिकेच्या तिजोरीतून छदामही जात नाही, मालकाला पैसे मिळतात आणि शहराला बाग. कागदावर याहून सुंदर व्यवहार सुचणं अवघड आहे.

पण ते जास्तीचे मजले कुठे तरी चढणारच होते. नियम असा केला की टीडीआर बेट शहरात वापरायचा नाही, उपनगरांत वापरायचा आणि तोही मूळ भूखंडाच्या उत्तरेकडे. पुन्हा सुरुवातीला हिशेब चौरस मीटरला चौरस मीटर असा होता. स्वस्त भागातल्या भूखंडाचा टीडीआर घ्यायचा आणि महाग भागात ओतायचा, हा सरळ व्यवहार होता. साहजिकच तो खार, सांताक्रूझ, पार्ले, जुहू असा भाव असलेल्या पश्चिम उपनगरांत जाऊन साठला. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या टीडीआरनं त्यात आणखी भर घातली. जिथं टीपीएसमध्ये आखलेल्या जुन्या गल्ल्या दोन मजली बंगल्यांच्या मापाच्या होत्या, तिथं सात-आठ मजले आले आणि गाड्या लावायला जागा राहिली नाही. एका वॉर्डातल्या बागेचे पैसे दुसऱ्या वॉर्डातल्या लोकांनी गर्दीच्या रूपानं भरले, आणि भरणार का, हे त्यांना कोणी विचारलंही नाही. २०१६ मध्ये टीडीआर जमिनीच्या सरकारी दराशी, म्हणजे रेडी रेकनरशी, जोडला गेला, तेव्हा निदान ही एक पळवाट बुजली.

बाग मोकळ्या जागेवर असते आणि मोकळी जागा जमिनीवर असते, एवढं तरी सगळ्यांना मान्य असेल असं वाटतं. तेही नाही. मोठ्या भूखंडावर इमारती बांधताना ठराविक हिस्सा करमणुकीचं मैदान म्हणून मोकळा ठेवावा लागतो. बिल्डर आणि आर्किटेक्ट त्याला आर.जी. म्हणतात. १९९१ च्या नियमांप्रमाणे भूखंडाच्या आकारानुसार हा हिस्सा पंधरा, वीस किंवा पंचवीस टक्के. हळूहळू हे आर.जी. पोडियमवर चढलं. खाली तीन-चार मजले गाड्या आणि त्यांच्या छपरावर लॉन, घसरगुंडी, कुंडीतली पामची झाडं. ब्रोशरमध्ये ते फार देखणं दिसतं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दादरच्या एका प्रकल्पाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की किमान आर.जी. जमिनीवरच आणि वर आकाश उघडं असेल असंच हवं. यामागचं कारण कोणत्याही माळ्याला ठाऊक असतं. दोन-तीन फूट मातीत गवत होतं, फार तर चाफा होतो. वडाचं मूळ स्लॅबमधून खाली जात नाही आणि पावसाचं पाणीही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. एवढा पाऊस कुठलीच बाग जिरवू शकत नाही. पण दर पावसाळ्यात पडणाऱ्या नेहमीच्या सरीचं पाणी तरी मातीत उतरावं की थेट रस्त्यावर यावं, याचा निकाल अशा पंधरा-वीस टक्क्यांवर लागतो.

मोकळ्या जागेच्या बाबतीत मुंबईला एकदा अशी संधी आली होती की तशी कुठल्याच शहराला क्वचित येते. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. बहुतेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, भायखळा या भागांत पसरलेल्या ५८ गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन, तीही शहराच्या पोटात. मुंबईत इतकी जमीन एकदम मोकळी होण्याची ही शेवटची वेळ असेल, हे तेव्हाही अनेकांना दिसत होतं. १९९१ च्या नियमावलीतला ५८ वा नियम त्यासाठी केला होता. गिरणीमालकाला जमीन विकसित करायची परवानगी हवी असेल तर त्यानं तिची वाटणी करायची: ३३ टक्के महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, सुमारे तेवढीच किंवा थोडी कमी-जास्त म्हाडाला घरांसाठी, बाकी मालकाची. गिरणी जितकी मोठी, तितका मालकाचा हिस्सा कमी. लहान गिरणीला चाळीस टक्के, दहा हेक्टरांवरच्या गिरणीला तीस.

ही जवळजवळ टीपीएसचीच कल्पना होती. मालक जमीन देतो आणि त्या बदल्यात त्याच्या उरलेल्या जमिनीला, जी कारखान्याची म्हणून बांधलेली होती, दुकानांचे आणि फ्लॅटांचे भाव मिळतात. तिसरा हिस्सा सरसकट धरला तर दोनशे एकरांच्या आसपास मोकळी जागा होते, म्हणजे सात शिवाजी पार्कं. आणि ती कुठे, तर चाळींनी ठासून भरलेल्या गिरणगावात, जिथं मुलं जिन्याखालच्या बोळात क्रिकेट खेळत. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून रस्ते, स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटा आणि बागा कशा जोडता येतील याचा आराखडा मांडला. तो कागदावरच राहिला.

मालक पुढे येत नव्हते. दोन-तृतीयांश जमीन देणं त्यांना परवडत नव्हतं, किंवा परवडत असलं तरी थांबलं तर नियम बदलेल असा त्यांचा होरा होता. तो खरा ठरला. २००१ साली सरकारनं ५८ व्या नियमात बदल केला. वाटणी आता गिरणीच्या सगळ्या जमिनीची करायची नव्हती, फक्त आधीपासून मोकळी असलेल्या जागेची करायची होती. शेड पाडल्यावर खाली जी जमीन निघते ती वाटणीतून वगळली. गिरणी म्हणजे शेडच शेड; मधलं अंगण आणि कोळशाचं आवार वगळलं तर मोकळी जागा ती किती? एका शब्दाच्या व्याख्येनं दोनशे एकरांतला मोठा भाग गेला. सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता: दहा वर्षांत गिरण्यांचा विकास झाला नाही, कामगारांची देणी थकली आहेत आणि जमीन विकल्याशिवाय ती देता येणार नाहीत. संपानं आणि त्यानंतरच्या टाळेबंदीनं उद्ध्वस्त झालेल्या कामगाराला बागेपेक्षा थकलेले पैसे आणि घर आधी हवं होतं, यात त्याचं काय चुकलं?

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं पर्यावरणवाद्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण त्याआधीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं आपल्या काही गिरण्यांचे लिलाव केले होते. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली, दादरची कोहिनूर ४२१ कोटींना. इतके पैसे हातात पडल्यावर मागं फिरणं अवघड असतं. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून २००१ चा बदल कायम ठेवला. आज लोअर परळ स्टेशनाच्या पुलावर सकाळी नऊ वाजता उभं राहिलं की दोन्ही बाजूंना काचेचे टॉवर आणि मधून मुंगीच्या पावलानं सरकणारी गर्दी दिसते. रस्ते गिरणीच्या भोंग्याच्या काळातलेच आहेत. माझ्या मते मुंबईच्या नियोजनातली ही सर्वांत महागडी चूक. नियम चांगला होता, पण तो दहा वर्षं सांभाळण्याची चिकाटी सरकारकडे नव्हती.

जमीन सरकारची असली म्हणजे बाग सुरक्षित, असा निष्कर्ष ओव्हलवरून काढावासा वाटतो. आरेची गोष्ट त्याच्या आड येते. गोरेगावच्या आरे दुग्धवसाहतीची जमीन सरकारचीच. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तिथली सुमारे ३३ हेक्टर जागा निवडली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली. दोन दिवसांत दोन हजारांहून जास्त झाडं गेली, मग सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. सरकार बदललं, आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन झाली, कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. कांजूरची जमीन मात्र नक्की कोणाची यावर केंद्राच्या मिठागर खात्यानं हक्क सांगितला आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयानं तिथलं काम थांबवलं. पुन्हा सरकार बदललं, कारशेड पुन्हा आरेत आलं. एप्रिल २०२३ मध्ये झाडं तोडण्याची परवानगी देताना सर्वोच्च न्यायालयानं मेट्रो कंपनीला दहा लाखांचा दंडही केला, ठरल्यापेक्षा जास्त झाडांची मागणी न्यायालयाऐवजी वृक्ष प्राधिकरणाकडे नेल्याबद्दल. यात मेट्रो हवी की झाडं हवीत हा वाद सगळ्यांनी ऐकला. त्यामागचं साधं गणित कमी लोकांच्या लक्षात आलं: आरेत मोबदला द्यायचा नव्हता आणि मालकीचा वाद नव्हता. ज्या कारणानं सरकारी जमीन हिरवी राहते, त्याच कारणानं ती प्रकल्पांना स्वस्त वाटते.

महालक्ष्मी रेसकोर्सची जमीनही सार्वजनिकच. २११ एकर, भाडेपट्टा २०१३ मध्ये संपलेला. २०२४ मध्ये त्यातली १२० एकर जागा सेंट्रल पार्कसाठी घेण्याचं ठरलं, ९१ एकर रेसकोर्सकडेच राहील. इथं शहराला नवी मोकळी जागा मिळाली असं म्हणता येणार नाही, ती मोकळी होतीच. मिळतोय तो आत जाण्याचा हक्क, आणि तोही थोडका नाही.

झोपडपट्टीचा प्रश्न याहून बिकट आहे. बागेसाठी आरक्षित आणि वर्षानुवर्षं न घेतलेल्या भूखंडावर माणसं राहायला आली, त्यांना आता उठवायचं कोणी आणि कुठे? सरकारनं मधला मार्ग काढला: अशा भूखंडावर पुनर्वसनाची इमारत होऊ द्या, निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. नव्या नियमावलीत तो ३५ टक्के आहे. याविरुद्ध सिटीस्पेस या नागरिकांच्या संस्थेनं २००२ साली उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल लागला जून २०२५ मध्ये, आणि न्यायालयानं नियम कायम ठेवला. शुद्ध नियोजनाच्या दृष्टीनं हा पराभव आहे. पण तेवीस वर्षांत त्या भूखंडांवर बाग झाली नव्हती आणि झोपड्यांत पिढी वाढली होती; न्यायालयापुढे तरी दुसरा कोणता खरा पर्याय होता?

म्हणजे जमीन शहर येण्याआधीच घ्यावी, हे बरं. नवी मुंबईत नेमकं हेच केलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन संपादित करण्यात आली. आधी जमीन, मग नोड, मग सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये मैदान. आज नवी मुंबईत फिरताना मुंबईकराला हेवा वाटतो. पण जमीन स्वस्तात घेतली, म्हणजे ती कोणाला तरी स्वस्तात द्यावी लागली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. नवी मुंबईच्या मैदानांचे पैसे आगरी-कोळी गावांनी चुकवले आहेत, हे त्या मैदानांवरच्या एकाही फलकावर लिहिलेलं नसतं.

पुण्याच्या टेकड्यांचे पैसे अजून कोणीच चुकवलेले नाहीत. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्यांपैकी २३ गावांच्या आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यान म्हणून दाखवल्या गेल्या. पुण्यात त्याला बीडीपी म्हणतात. माजी महापौर वंदना चव्हाण यांनी आणि अनेक नागरिक संस्थांनी हा विषय लावून धरला. टेकडी म्हणजे पुणेकराचा सकाळचा डॉक्टर, त्यामुळे लोकमत बाजूनं होतं. पण टेकडीचेही सातबारे असतात. त्यांवर शेतकऱ्यांची नावं आहेत आणि कितीतरी ठिकाणी गुंठ्यागुंठ्यानं जागा घेतलेल्या मध्यमवर्गीयांचीही. २०१५ मध्ये राज्य सरकारनं बीडीपी मान्य केला आणि मालकाला आठ टक्के टीडीआर देऊ केला. मालक म्हणतात, शेजारी खाली सपाटीवर शंभर टक्के आणि आम्हाला आठ? सरकार म्हणतं, टेकडीच्या उतारावर तसंही किती बांधता आलं असतं? दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत, म्हणूनच गाडं अडलेलं आहे. दरम्यान टेकडीच्या पायथ्याशी मुरूम उकरला जातो, प्लिंथ पडतात, रातोरात पत्रे उभे राहतात.

गुजरातनं टीपीएस सोडली नाही. १९७६ च्या त्यांच्या कायद्याखाली अहमदाबादभोवती एकामागून एक योजना झाल्या. जमिनीच्या साधारण चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा घेतला जातो: पंधरा टक्के रस्त्यांना, पाच टक्के बागा-मैदानांना, पाच टक्के शाळा-दवाखान्यांना आणि पंधरा टक्के प्राधिकरणानं विकून खर्च भागवायला. पाच टक्के हा आकडा ऐकून आपल्याकडच्या नियोजनकारांना हसू येईल. आपल्या आराखड्यांत याहून कितीतरी जास्त हिरवा रंग असतो. पण अहमदाबादचे ते पाच टक्के ताब्यात येतात. जिथं शहर आधीच दाट झालं आहे तिथं मात्र ही युक्ती चालत नाही, कारण वाटायला जमीनच उरलेली नसते. ती शेतावर चालते, चाळीवर नाही.

महाराष्ट्रात आता ती नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात परत आली आहे. सिडको इथं शेतकऱ्यांकडून जमीन विकत घेत नाही. नगररचना योजना करते, मालकाला चाळीस टक्के अंतिम भूखंड वाढीव एफएसआयसह, म्हणजे जास्त बांधकामाच्या मुभेसह, परत देते आणि उरलेल्या साठांतून रस्ते, मैदानं, शाळा आणि विक्रीचे भूखंड काढते. पनवेलच्या बाजूच्या गावांत या हिशेबावर बैठका होतात, हरकती दाखल होतात, लवादापुढं सुनावण्या चालतात. तिथं शेतकऱ्याला पडणारा पहिला प्रश्न बागेचा नसतो. साठ टक्के का सोडायचे आणि आपला अंतिम भूखंड आपल्या मूळ शेतापासून किती लांब पडला, हे त्याला विचारायचं असतं.